दिसत नाही ते शिकवताना
पदवी स्तरावरील सूक्ष्मजीवशास्त्र आणि त्याची परीक्षा

सूक्ष्मजीवशास्त्र हा पुराव्यांचा विषय आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर पान असते, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर हाड किंवा शंख असतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर असतात त्या जिवाच्या फक्त खुणा: प्लेटवरची कॉलनी, ब्रॉथचा गढूळपणा, डरहॅम नळीत अडकलेला वायूचा बुडबुडा, कोव्हॅक अभिकर्मक टाकल्यावर उमटलेले लाल कडे. बहुतेक जिवाणूंची लांबी एक ते पाच मायक्रोमीटर असते. शंभरपट तैलभिंगाखाली त्यांचे ठिपके किंवा काड्या दिसतात, पण ठिपक्यावरून तो जिवाणू कोणता, तो काय खातो, एखादे औषध त्याला मारते की नाही, यांतले काहीच कळत नाही. ते अनुमानाने काढावे लागते.

म्हणून या विषयाच्या शिक्षणात तीन गोष्टी एकत्र घडवाव्या लागतात. हाताला निर्जंतुक काम करण्याची सवय लागावी लागते, डोळ्याला बारीक फरक टिपता यावे लागतात आणि खुणेवरून निष्कर्षापर्यंत जाणारा तर्क पक्का व्हावा लागतो. परीक्षेने या तिन्ही गोष्टी मोजल्या, तर विद्यार्थी तिन्ही शिकतात. परीक्षेने फक्त अपेक्षित उत्तर मोजले, तर ते अपेक्षित उत्तर लिहायला शिकतात. बी.एस्सी.च्या वर्गातील अध्यापनाचा विचार परीक्षेपासून वेगळा करता येत नाही, तो यामुळेच.

प्रॅक्टिकलचा वारसा

आज महाविद्यालयात होणाऱ्या प्रॅक्टिकलचा गाभा १८८० च्या दशकात बर्लिनमध्ये तयार झाला. रॉबर्ट कॉख शुद्ध संवर्ध मिळवण्यासाठी आधी उकडलेल्या बटाट्याचे काप आणि नंतर जिलेटिन वापरत असे. जिलेटिन शरीराच्या तापमानाला पातळ होई आणि काही जिवाणू ते पचवूनही टाकत. कॉखकडे काम करणाऱ्या वाल्टर हेसची पत्नी फॅनी हेस हिने त्याऐवजी स्वयंपाकातले अगर सुचवले. कॉखचाच सहकारी युलिउस रिखार्ड पेट्री याने १८८७ मध्ये झाकणाच्या सपाट काचपात्राचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याआधी १८८४ मध्ये डॅनिश वैद्य हान्स ख्रिश्चन ग्राम याने बर्लिनमध्येच, न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतील जिवाणू उठून दिसावेत म्हणून रंजनाची नवी पद्धत शोधली. ही पद्धत सदोष आणि अपुरी आहे, असे ग्रामने आपल्या लेखातच नोंदवले होते. त्याच पद्धतीवर आज जिवाणूंचे पहिले वर्गीकरण उभे आहे.

दुसरी परंपरा नेदरलँड्समधील डेल्फ्टची. मार्टिनुस बायरिंक मातीचा किंवा पाण्याचा नमुना ठरावीक अन्न आणि ठरावीक परिस्थिती असलेल्या माध्यमात टाके आणि त्यात कोण वरचढ ठरतो ते पाही. ही संवर्धनाची दृष्टी आल्बर्ट क्लायव्हर याने पुढे नेली. त्याचा विद्यार्थी कॉर्नेलिस व्हान नील याने ती कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह येथे आपल्या उन्हाळी वर्गात वर्षानुवर्षे शिकवली. पहिली परंपरा विचारते, हा जिवाणू कोणता? दुसरी विचारते, या परिस्थितीत कोण वाढेल आणि का? आपल्याकडच्या प्रॅक्टिकलवर पहिल्या प्रश्नाची छाप जास्त आहे. दुसऱ्याला जागा दिली, तर विद्यार्थी अंदाज बांधू लागतात.

महाराष्ट्रात या शास्त्राचे आगमन साथीबरोबर झाले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर वाल्डेमार हाफकिन याने ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिनचे नाव मिळाले. पुण्यात आज राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र या दोन मोठ्या संवर्ध-संग्रहशाळा आहेत. राज्यातल्या महाविद्यालयांना ओळख पटलेले, विश्वासार्ह संवर्ध अशा ठिकाणांहून घेता येतात.

हात आणि डोळा: ग्राम रंजन

पहिल्या वर्षातील सर्वांत महत्त्वाचे प्रॅक्टिकल म्हणजे ग्राम रंजन. कृती छोटी आहे. स्वच्छ स्लाइडवर पातळ स्मिअर करायचा, तो हवेत वाळवून आचेवर स्थिर करायचा. मग एक मिनिट क्रिस्टल व्हायोलेट, एक मिनिट आयोडीन, काही सेकंद अल्कोहोल, शेवटी सॅफ्रॅनिन. ज्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकनचा जाड थर असतो, त्यांच्यात जांभळा रंग अडकून राहतो आणि ते ग्राम पॉझिटिव्ह ठरतात. ज्यांचा हा थर पातळ असतो आणि बाहेरचे मेदयुक्त पटल अल्कोहोलने विस्कटते, ते रंग सोडतात, सॅफ्रॅनिनने गुलाबी होतात आणि ग्राम निगेटिव्ह ठरतात.

चुका नेमक्या याच टप्प्यांवर होतात आणि प्रत्येक चूक काही शिकवते. स्मिअर जाड झाला तर अल्कोहोल आतपर्यंत पोहोचत नाही आणि ग्राम निगेटिव्ह जिवाणूही जांभळे दिसतात. अल्कोहोल जास्त वेळ राहिले तर ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूंचाही रंग जातो. संवर्ध जुना असेल तर बॅसिलससारखा ग्राम पॉझिटिव्ह जिवाणू ठिकठिकाणी गुलाबी दिसतो, कारण जुन्या पेशींच्या भित्तिका खिळखिळ्या झालेल्या असतात. त्यामुळे "बॅसिलस गुलाबी दिसला" ही नोंद आपोआप चुकीची ठरत नाही. संवर्ध किती तासांचा होता हे विद्यार्थ्याने लिहिले असेल आणि त्यावरून कारण सांगितले असेल, तर ते "जांभळा दिसला" असे कोरडे लिहिण्यापेक्षा मोलाचे आहे.

यावर सोपा उपाय आहे. एकाच स्लाइडवर तीन स्मिअर करायचे: एका बाजूला स्टॅफिलोकॉकस, दुसऱ्या बाजूला ई. कोलाय, मध्ये तपासायचा जिवाणू. कडेच्या दोन्ही स्मिअरचे रंग अपेक्षेप्रमाणे आले, तरच मधल्या निकालावर विश्वास ठेवायचा. नियंत्रणाशिवाय निकालाला अर्थ नाही, हा विज्ञानाचा मोठा धडा पहिल्या सत्रातच, एका स्लाइडवर शिकता येतो.

स्ट्रीक प्लेटचेही तसेच. निक्रोमचा लूप लाल होईपर्यंत तापवायचा, थंड होऊ द्यायचा आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा तापवायचा. हे न केल्यास शेवटच्या भागातही कॉलन्या एकमेकींना चिकटलेल्या येतात. हे कौशल्य सांगून येत नाही. शिक्षकाने करून दाखवायचे, विद्यार्थ्याने करायचे, दुसऱ्या दिवशी प्लेट पाहून कुठे चुकले ते शोधायचे आणि पुन्हा करायचे, ही साखळी लागते. एकदा करून जर्नलमध्ये टिक घेण्याने ती पूर्ण होत नाही.

आकड्यांचे शिक्षण

सूक्ष्मजीवशास्त्र निवडणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना गणित टाळायचे असते, पण विरलीकरण आले की गणित येतेच. एक मिलिलिटर नमुना नऊ मिलिलिटर निर्जंतुक द्रवात मिसळला की दहापट विरल होतो. पाच वेळा असे केले की लाखपट. त्यातला ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरला आणि ८४ कॉलन्या आल्या, तर मूळ नमुन्यात दर मिलिलिटरला ८ कोटी ४० लाख कॉलनी बनवणारे घटक होते. ८४ ला एक लाखाने आणि पुन्हा दहाने गुणायचे, एवढेच गणित. चूक होते ती शेवटच्या दहाची, कारण प्लेटवर पूर्ण मिलिलिटर न टाकता त्याचा दहावा भागच टाकला होता.

३० ते ३०० कॉलन्यांच्याच प्लेट का मोजायच्या, हे बहुतेकांना नियम म्हणून पाठ असते. त्यामागे संख्याशास्त्र आहे. नमुन्यात पेशी यादृच्छिक विखुरलेल्या असतात, म्हणून मोजणीतली अनिश्चितता सुमारे संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. ३० कॉलन्यांना ती साडेपाचच्या आसपास, म्हणजे १८ टक्के. ३०० कॉलन्यांना सतराच्या आसपास, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी. तीनशेच्या पुढे मात्र कॉलन्या एकमेकींत मिसळतात, अन्नासाठी स्पर्धा करतात आणि मोजणी प्रत्यक्षापेक्षा कमी येते.

परीक्षेसाठी याहून चांगला प्रश्न असा: समजा, दहा हजारपट विरल प्लेटवर १८० कॉलन्या आल्या आणि लाखपट विरल प्लेटवर ९५. दुसऱ्या प्लेटवर अठराच्या आसपास अपेक्षित होत्या. काय घडले असेल? पिपेट न बदलल्याने आधीच्या नळीतले जिवाणू पुढे गेले असतील, नळी नीट हलवली नसेल किंवा प्लेटवर चुकीचे लेबल असेल. कोणते कारण खरे, हे तपासण्यासाठी पुढे काय करायचे, हेही विद्यार्थ्याने सांगावे. सूत्र पाठ असलेला इथे अडतो. काम समजलेला पुढे जातो.

संकल्पना आणि गैरसमज

अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजी या संस्थेने २०१२ मध्ये पदवी अभ्यासक्रमासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत धड्यांची यादी नाही. उत्क्रांती, पेशीची रचना आणि कार्य, चयापचय, माहितीचा प्रवाह आणि जनुकशास्त्र, सूक्ष्मजीवांच्या परिसंस्था आणि सूक्ष्मजीवांचा परिणाम अशा सहा मूळ संकल्पनांखाली २७ विधाने आहेत, आणि त्यांच्या जोडीला विचारकौशल्ये व प्रयोगशाळेतील कौशल्ये. प्रकरणे संपवण्यापेक्षा काही मोजक्या कल्पना खोल रुजवाव्यात, हा त्यामागचा आग्रह. त्याच धर्तीवर संकल्पना-चाचण्या तयार झाल्या. त्यांतील बहुपर्यायी प्रश्नांचे चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजांतून घेतलेले असतात, त्यामुळे चुकलेले उत्तरही शिक्षकाला काही सांगते.

प्रतिजैविकांचा प्रतिकार हे याचे ठळक उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये भारतासह १२ देशांत केलेल्या पाहणीत ७६ टक्के लोकांना वाटत होते की औषधाला प्रतिकार रुग्णाच्या शरीरात तयार होतो. प्रत्यक्षात तो जिवाणूत असतो. विद्यार्थी हा गैरसमज घेऊनच वर्गात येतात. पुढचा गैरसमज अधिक चिवट: औषध दिसले म्हणून जिवाणू प्रतिकार "तयार करतात". १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी ई. कोलायचे अनेक छोटे स्वतंत्र संवर्ध वाढवून प्रत्येकातले जिवाणूभक्षक विषाणूला प्रतिकार करणारे जिवाणू मोजले. काही संवर्धांत जवळजवळ एकही नव्हता, काहींत शेकडो होते. विषाणूच्या संपर्कामुळे प्रतिकार निर्माण झाला असता, तर सगळीकडे साधारण सारखी संख्या आली असती. म्हणजे उत्परिवर्तन आधीच, यादृच्छिक घडलेले होते. विषाणूने फक्त निवड केली. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमली कापडाने एका प्लेटवरच्या कॉलन्यांचा ठसा दुसऱ्या प्लेटवर उमटवून हेच दाखवले. वर्गात या दोन प्रयोगांची आकडेवारी देऊन निष्कर्ष विद्यार्थ्यांकडून काढून घेतला, तर गैरसमज हलतो. व्याख्या लिहून दिल्याने तो हलत नाही.

सुरक्षितता हाही अभ्यासक्रम

ऑगस्ट २०१० ते जून २०११ या काळात अमेरिकेत सॅल्मोनेला टायफिम्युरियमच्या एका प्रयोगशाळेतील उपप्रकाराने ३८ राज्यांत १०९ जण आजारी पडले. तपासाचा माग शिकवण्याच्या आणि निदानाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांपर्यंत गेला. बाधितांत अशी लहान मुलेही होती, जी प्रयोगशाळेत कधी गेलीच नव्हती. घरातल्या मोठ्यांच्या वस्तूंवरून जिवाणू त्यांच्यापर्यंत पोहोचले. २०१४ आणि २०१७ मध्ये असे उद्रेक पुन्हा झाले. या उद्रेकांच्या पार्श्वभूमीवर शिकवण्याच्या प्रयोगशाळांसाठी सविस्तर सुरक्षा-नियम आले: कोट प्रयोगशाळेतच ठेवायचा, लिहिण्याचे पेन वेगळे, मोबाइल टेबलावर नाही, पहिल्या वर्गांत रोगकारक जिवाणू नाहीत.

आपल्याकडे तीच वही टेबलावर उघडी असते आणि तीच दप्तरातून घरी जाते. कच्च्या नोंदीचे कागद प्रयोगशाळेतच ठेवणे आणि जर्नल नंतर बाहेर बसून लिहिणे हा बदल कमी खर्चात होतो. १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय एकही वापरलेली प्लेट बाहेर जाऊ नये, हे विद्यार्थ्याने ऐकण्याबरोबरच करून पाहावे. काम करताना त्याची सुरक्षितता पाहून तिला गुण दिले, तर ती सवय होते.

परीक्षा नेमके काय मोजते

महाराष्ट्रातील प्रॅक्टिकल परीक्षेचा साचा परिचयाचा आहे. जिवाणू वाढायला साधारण २४ तास लागतात, म्हणून परीक्षा अनेकदा दोन-तीन दिवस चालते. पहिल्या दिवशी संवर्ध लावायचा, दुसऱ्या दिवशी निरीक्षण. जोडीला स्पॉटिंग, व्हायवा आणि सर्टिफाइड जर्नलचे गुण. या साच्यात बळ आहे: प्रत्यक्ष काम होते आणि तोंडी प्रश्नांतून समज चाचपता येते. त्रुटीही आहेत. बॅच मोठी असल्याने परीक्षक हाताचे काम बघू शकत नाहीत, फक्त शेवटची प्लेट बघतात. व्हायवाचे प्रश्न विद्यार्थ्यागणिक बदलतात, त्यामुळे गुणांची तुलना न्याय्य होत नाही. जर्नलमध्ये "निरीक्षण" या मथळ्याखाली पाठ्यपुस्तकातला निकाल उतरतो आणि प्रत्यक्ष आलेला निकाल मागे पडतो.

पहिल्या दोन त्रुटींवर वैद्यकीय शिक्षणातून आलेला उपाय उपयोगी आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन याने १९७५ मध्ये केंद्रांवर आधारलेली, ठरावीक निकषांची चाचणी मांडली. तिचेच प्रयोगशाळेसाठीचे रूप वैद्यकीय महाविद्यालयांत वापरात आहे. विद्यार्थी दर चार-पाच मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो. एका ठिकाणी लूप निर्जंतुक करून स्ट्रीक मारायची, दुसऱ्या ठिकाणी तैलभिंग जुळवायचे, तिसऱ्या ठिकाणी आकडे पाहून गणना, चौथ्या ठिकाणी प्लेट पाहून चूक ओळखणे. प्रत्येक ठिकाणी सर्वांना तेच काम आणि गुणांची तीच यादी.

ग्राम रंजनाचे दहा गुण असे वाटता येतात: काम करतानाची पद्धत आणि सुरक्षितता तीन, स्मिअरचा दर्जा दोन, नियंत्रणे बरोबर आल्याचा एक, प्रत्यक्ष दिसलेल्याची प्रामाणिक नोंद दोन, त्या नोंदीचे स्पष्टीकरण दोन. अशा वाटणीत निकाल बिघडलेल्या विद्यार्थ्यालाही चांगले गुण मिळू शकतात आणि शेजारच्याचा निकाल उतरवण्यात काही फायदा उरत नाही. हे निकष सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थ्यांच्या हातात द्यावेत.

सर्वांत कसाचा प्रश्न म्हणजे अज्ञात जिवाणूची ओळख. विद्यार्थ्याला क्रमांक घातलेली नळी मिळते. तो शुद्धता तपासतो, रंजन करतो, मग इंडोल, मिथाइल रेड, व्होजेस–प्रॉस्कॉर आणि सायट्रेट या चाचण्या लावतो. ई. कोलायमध्ये पहिल्या दोन सकारात्मक आणि पुढच्या दोन नकारात्मक येतात. एखाद्याला सायट्रेटही सकारात्मक आली, तर मार्ग खुले होतात: संवर्ध मिश्र असेल, लूपवर जास्त जिवाणू घेतल्याने त्यांच्याबरोबर आधीचे अन्नही आले असेल किंवा जिवाणू सिट्रोबॅक्टर कोसेरीसारखा वेगळा असेल. पुढची कोणती चाचणी या शक्यता वेगळ्या करेल, हे लिहिणाऱ्याला गुण द्यायचे. नाव बरोबर येणे हा या गुणांचा छोटा भाग असावा.

ग्रामीण महाविद्यालयांत बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुले मोठ्या संख्येने असतात. लेखी प्रश्न सुटसुटीत इंग्रजीत असावेत आणि व्हायवात मराठीत उत्तर देण्याची मुभा असावी. नाहीतर विज्ञानाची परीक्षा इंग्रजीची परीक्षा होऊन बसते.

वर्गातले संशोधन

उत्तर आधीच ठरलेल्या प्रयोगांबरोबर, उत्तर कुणालाच माहीत नसलेले प्रयोगही पदवीच्या वर्गात होऊ शकतात. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटच्या पाठबळाने आणि पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रॅहम हॅटफुल यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये असा एक कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मातीतून जिवाणूभक्षक विषाणू वेगळे करतात, त्यांना नाव देतात, त्यांचा जनुकसंच वाचतात. याच पद्धतीच्या एका अभ्यासवर्गात २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे सडक्या वांग्यावरून एक विषाणू मिळाला. त्याचे नाव ठेवले 'मडी'. लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या, औषधांना न जुमानणाऱ्या मायकोबॅक्टेरियमचा संसर्ग झालेल्या एका किशोरवयीन मुलीला दिलेल्या तीन विषाणूंत तो एक होता. तिच्या प्रकृतीतील सुधारणेचा वृत्तांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जो हॅंडल्समन यांनी सुरू केलेल्या 'टायनी अर्थ' या उपक्रमात विद्यार्थी मातीतल्या जिवाणूंत नवी प्रतिजैविके शोधतात.

महाराष्ट्रात यासाठी विषयांची कमतरता नाही. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून, उन्हाळ्यात क्षारता वाढल्यावर माजलेल्या हॅलोआर्किया या रंगीत सूक्ष्मजीवांना त्याचे कारण ठरवले. हा रंग शैवालाचा की आर्कियाचा, हे कसे तपासाल? हा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या कोणत्याही वर्गाला देता येतो. ऊसपट्ट्यातील मातीतले नत्र स्थिर करणारे जिवाणू, गावच्या विहिरीच्या पाण्यातील कोलिफॉर्म, घरच्या दह्यातले लॅक्टोबॅसिलस, या सगळ्यांत बायरिंकची दृष्टी वापरता येते. अशा कामाचे मूल्यमापन पोस्टर, नोंदवही आणि तोंडी मांडणी यांतून होते. नवीन काही सापडले की नाही, यापेक्षा प्रश्न किती नेमका होता आणि नियंत्रणे कोणती घेतली, हे त्यात बघायचे असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या श्रेयांक-रचनेत प्रॅक्टिकलचा एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचे काम. चार वर्षांच्या पदवीत संशोधन-प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही जागा आहे. ही जागा खरी ठरायची, तर बॅच लहान हव्यात, माध्यमे आणि रसायनांसाठी पैसा हवा आणि रोज प्लेट ओतणाऱ्या, ऑटोक्लेव्ह सांभाळणाऱ्या प्रयोगशाळा-सहायकांच्या जागा भरलेल्या हव्यात.

या पदवीधरांपैकी अनेक जण पुढे औषध कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात, दुग्धप्रकल्पांत, पाणी तपासणाऱ्या आणि रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत काम करतात. तिथे निर्जंतुक कक्षातल्या प्लेटवर एक कॉलनी आली तर ती एकच लिहावी लागते, शून्य लिहून चालत नाही. त्या एका आकड्यावर सलाइनच्या किंवा इंजेक्शनच्या संपूर्ण बॅचचा आणि रुग्णाच्या जिवाचा निर्णय अवलंबून असतो. दिसले ते लिहिण्याची आणि लिहिलेल्याचे कारण शोधण्याची सवय नोकरीत पहिल्यांदा लागत नाही. ती बी.एस्सी.च्या जर्नलमध्येच लागते. म्हणून त्या जर्नलमधल्या खऱ्या नोंदीला गुण देणे ही शिक्षकांची, परीक्षकांची आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांची पहिली जबाबदारी आहे.